विश्लेषण : नव्या गाडीत तोच बिघाड पुन्हा पुन्हा, डीलर म्हणतो ‘गाडी ओके आहे’, मग ग्राहकाने काय करायचे?

अर्धापूर : अर्धापूर ते नांदेड हे अंतर वीसेक किलोमीटरचे. तुळजापूर-नागपूर महामार्गावरून गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. पण नवी गाडी एकाच बिघाडासाठी तिसऱ्यांदा नांदेडच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली, की हाच रस्ता जड वाटू लागतो. गाडी सोडायला एक दिवस मोडतो, आणायला दुसरा. मध्ये दवाखाना निघाला, लग्न निघाले किंवा केळीच्या व्यापाऱ्याला भेटायला जायचे झाले तर दुसऱ्याची गाडी मागावी लागते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच.

तालुक्याच्या ठिकाणी अधिकृत वर्कशॉप नसते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पर्याय मोजकेच असतात. त्यामुळे ‘यांच्याशी वाकडे घेतले तर पुढची सर्व्हिसिंग कोण करणार’ या विचाराने अनेक जण गप्प बसतात. तोवर वॉरंटीची मुदत संपते आणि पुढचे बिल ग्राहकाच्याच नावावर येते. वॉरंटीत खरे तर काय मिळते, कोणता कागद कामाला येतो, तक्रार कुठे करायची आणि न्यायालयांनी आजवर काय सांगितले आहे, ते समजून घेऊ.

एकच बिघाड परत परत का येतो?

याची कारणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिले, सुटा भाग मुळातच सदोष असणे. असे दोष बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत दिसतात. दुसरे, निदान चुकणे. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग या सगळ्यांवर संगणकाचे लक्ष असते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की संगणकात त्या बिघाडाचा कोड साठतो. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून हा कोड वाचतात. कोड कोणत्या भागाकडे बोट दाखवतो एवढेच त्यातून कळते. खरे कारण वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये की इंधनात, हे तपासावे लागते. ते न करता नुसता कोड पुसून गाडी परत दिली, की आठवडाभरात दिवा पुन्हा लागतो.

तिसरे कारण वापराशी निगडित आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो; त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. घर ते शेत, शेत ते मोंढा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. मग फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गाडीची ओढ कमी होते. हा बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे डीलर बहुधा सांगतो. मात्र, गाडी विकताना ही माहिती ग्राहकाला दिली होती का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा कायद्याने सेवेतील त्रुटी आहे.

वॉरंटी नेमकी कशाची असते?

बहुतेकांचा समज असा, की वॉरंटीत गाडी खराब निघाली तर कंपनी गाडी बदलून देते. वॉरंटीच्या पुस्तिकेत असे लिहिलेले नसते. सामग्रीत किंवा बनावटीत दोष असलेला भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, एवढेच आश्वासन त्यात असते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी यांच्या बाबतीत नियम वेगळे असतात. झिजणाऱ्या वस्तू बहुधा वगळलेल्या असतात. टायर आणि बॅटरीची जबाबदारी अनेकदा त्या-त्या उत्पादकाकडे असते.

काही गोष्टी वॉरंटीत येतच नाहीत. उंदरांनी वायर कुरतडणे हा शेतवस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा नेहमीचा त्रास. ते नुकसान बनावटीतला दोष नसते. त्यासाठी विम्याची पॉलिसी पाहावी लागते. पुराच्या पाण्याचेही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने हाहाकार माजवला होता. अशा पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करून पाहिली, तर पाणी इंजिनात ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यामुळे पाण्यात अडकलेली गाडी सुरू न करता टो करूनच न्यावी. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे इंजिनाचे नुकसान अनेकदा नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा संरक्षण आधीच घेतलेले असावे लागते.

जॉब कार्ड इतके महत्त्वाचे का?

वाद पुढे गेला तर आयोगासमोर सर्वात आधी पाहिला जातो तो कागद म्हणजे जॉब कार्ड. गाडी आत घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर संगणकावर तक्रार नोंदवतो आणि ग्राहकाची सही घेतो. अडचण इथेच सुरू होते. ग्राहक सांगतो, ‘तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी झटके देते, मागच्या महिन्यातही हेच होते.’ कार्डावर मात्र नोंद होते ‘जनरल चेकअप’. सहा महिन्यांनी कागद काढले, की तोच बिघाड चार वेळा आल्याचा पुरावाच सापडत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी कार्ड वाचावे. बिघाड आपल्या शब्दांत, मराठीत सांगून तसाच लिहून घ्यावा. तो कधी येतो (इंजिन थंड असताना की तापल्यावर), कोणत्या वेगाला, किती वेळा आला आणि आधीच्या भेटीची तारीख काय, हे सगळे त्यात यावे. किलोमीटरचा आकडाही बरोबर आहे का ते पाहावे. गाडी परत घेताना काय तपासले, कोणता भाग बदलला, कोणता कोड निघाला याची नोंद असलेले इन्व्हॉइस मागावे. वॉरंटीत काम झाले म्हणून शून्य रुपयांचे बिल असले तरी ते घ्यावेच. ‘फुकट काम केले, बिल कशाला?’ या बोलण्यावर जाऊ नये. पुढे तीच नोंद उपयोगी पडते.

आणखी एक सवय सोडायला हवी. दिवा लागला, की गावातला मेकॅनिक बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतो आणि दिवा विझतो. पण त्यासोबत अनेकदा साठलेला कोडही पुसला जातो. बिघाड होताना इंजिनाचा वेग, तापमान काय होते ही नोंदही कोडबरोबर साठलेली असते, तीही जाते. मग वर्कशॉपमध्ये गेल्यावर ‘काहीच सापडले नाही’ हे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते.

‘सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो’ यावर काय म्हणायचे?

हे उत्तर मिळाले तर वाद घालण्यापेक्षा तीन गोष्टी कराव्यात. एक, त्याच मॉडेलची शोरूममधली डेमो गाडी चालवून पाहायला मागावी. तिलाही आवाज येत असेल तर शंका फिटते. येत नसेल तर डीलरचे उत्तर तिथेच खोटे ठरते. दोन, ट्रायलला फोरमनला शेजारी बसवून बिघाड दाखवावा आणि ‘संयुक्त चाचणीत बिघाड आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ असे कार्डावर लिहून घ्यावे. तीन, बिघाड जेव्हा होतो तेव्हाचा मोबाइलवरचा व्हिडिओ जपून ठेवावा. त्यात डॅशबोर्ड आणि किलोमीटर दिसायला हवेत. चालवणाऱ्याने स्वतः चित्रण करू नये, शेजाऱ्याने करावे.

त्याच दिवशी डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेल पाठवावा. फोनवर झालेले बोलणे नंतर सिद्ध करणे कठीण असते. ईमेलमध्ये रागाचे शब्द नकोत. तारखा, किलोमीटर, जॉब कार्डचे क्रमांक आणि आपली मागणी एवढे पुरे. डीलरच्या वरच्या पातळीवर कंपनीचा विभागीय सेवा अधिकारी असतो. नवीन भाग मंजूर करणे, जादा दिवसांसाठी पर्यायी गाडी देणे असे निर्णय अनेकदा त्याच्या हातात असतात. त्याच्यापर्यंत तक्रार लेखी गेली, की प्रकरण हलण्याची शक्यता वाढते.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर वॉरंटी जाते का?

हा प्रश्न अर्धापूरसारख्या गावात रोजचा आहे. पंक्चर, वायपर, बल्ब अशी कामे बाहेर करून वॉरंटी जात नाही. पण वायरिंग कापून म्युझिक सिस्टिम, जादा दिवे किंवा सेंट्रल लॉकिंग बसवले आणि त्याच वायरिंगमध्ये बिघाड झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला सर्व्हिसिंग चुकवली तरीही तेच.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी या विषयावर मोठा आदेश दिला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने म्हटले होते. हे प्रकरण पुढे अपिलात गेले. त्यामुळे केवळ या आदेशाच्या भरवशावर वॉरंटीतली गाडी बाहेर उघडू नये. वॉरंटी संपल्यावर मात्र चांगल्या स्थानिक मेकॅनिककडे जाण्यात काही गैर नाही. फक्त ऑइल आणि सुट्या भागांच्या पावत्या जपाव्यात.

न्यायालयांनी आजवर काय सांगितले?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात दिलेला निकाल आजही दाखवला जातो. क्लचच्या सततच्या त्रासामुळे ग्राहकाला गाडी बदलून देण्याचा आदेश खालच्या मंचांनी दिला होता. वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलण्याची जबाबदारी आहे, पूर्ण गाडी बदलण्याची नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र दुरुस्तीसाठी माराव्या लागलेल्या खेपांचा विचार करून ग्राहकाला ५० हजार रुपये देण्यास सांगितले. म्हणजे, गाडी बदलून मिळाली नाही तरी हेलपाट्यांची भरपाई मागता येते.

फियाट इंडियाच्या प्रकरणात २०१० मध्ये न्यायालयाने दुसरा मार्ग दाखवला. स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाने तपासणी करावी आणि मुळातलाच बनावटीचा दोष आढळला तर ग्राहकाला पैसे परत मिळावेत, असे त्यात ठरले. यातून तज्ज्ञाच्या अहवालाचे वजन लक्षात येते.

ह्युंदाईच्या प्रकरणाचा निकाल २० एप्रिल २०२२ चा. ऑगस्ट २०१५ मध्ये घेतलेल्या क्रेटाचा नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. वेग आणि बळाची गणिते मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नाही, असे सांगत न्यायालयाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

या तिन्ही निकालांतला फरक महत्त्वाचा आहे. सुरक्षेशी संबंधित भाग कामच करत नाही, तेव्हा न्यायालये कडक भूमिका घेतात. आवाज, झटके, कमी मायलेज अशा तक्रारींत दोष सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर येतो. गाडी दरम्यान हजारो किलोमीटर चालली असेल, तर ‘सदोष गाडी इतकी चाललीच कशी?’ हा प्रश्न कंपनी विचारतेच.

जबाबदार कोण, डीलर की कंपनी?

याचे उत्तर गोव्यातल्या एका प्रकरणात मिळते. एका ग्राहकाने २०११ मध्ये टाटाची गाडी घेतली. हातात आली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली. राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलरबरोबर कंपनीलाही जबाबदार धरण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीला त्यातून वगळले. कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर ग्राहकाला; हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. डीलरच्या चुकीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करावे; पण कुणाची चूक काय, हे वेगवेगळे लिहावे. चुकीची दुरुस्ती, जुनी गाडी नवी म्हणून विकणे, बिल वाढवणे हे डीलरचे; सुट्या भागाचा मूळ दोष आणि वॉरंटी नाकारणे हे कंपनीचे. आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच उत्पादनाचा महिना व वर्ष तपासावे. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, आणि आरसीवर ते असते. एमएच-२६ ची पाटी लागल्यावर मग पाहण्यात अर्थ नाही.

अर्धापूरच्या ग्राहकाने तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे निकाल लागत नाही. हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. अनेक लहान वाद इथेच मिटतात. नाही मिटले तर नोंद झालेला तक्रार क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्रामीण ग्राहकासाठी मोठी सोय केली. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्यातून किंवा हैदराबादहून घेतली असली, तरी अर्धापूरच्या रहिवाशाला नांदेडला दाद मागता येते. जिल्हा आयोगात ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेले व्यवहार चालतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हायला हवे.

शुल्कही आटोक्यात आहे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० आणि २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून मोबाइलवरही तक्रार दाखल करता येते आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची मागणी करता येते.

तक्रार दाखल झाल्यावर समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. ती मुदत फार तर १५ दिवसांनी वाढते. निकाल तीन महिन्यांत आणि तपासणीची गरज असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे. तपासणीचे शुल्क आधी ग्राहकाला भरावे लागू शकते. तज्ज्ञ म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागाचे प्राध्यापक, मोटार वाहन निरीक्षक किंवा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे नाव आयोगाला सुचवता येते. दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि भरपाई यांपैकी योग्य तो आदेश आयोग देतो. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पिकअप आणि टॅक्सीवाल्याला हा कायदा लागू होतो का?

केळीचे घड वाहणारा पिकअप हा तर धंद्यासाठीच घेतलेला असतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. पण कायद्यात अपवाद आहे : केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी मानली जात नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा हा ग्राहकच आहे, असे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिले होते. एक पिकअप, मालक तोच चालक, घर त्यावरच चालते, असे असेल तर तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे. हे वाक्य राहून गेले, तर तक्रार सुरुवातीलाच अडकते.

रिकॉल म्हणजे काय आणि तो कसा तपासायचा?

एकाच खेपेतल्या अनेक गाड्यांत सुरक्षेशी संबंधित दोष आढळला, तर कंपनी त्या गाड्या परत बोलावून भाग मोफत बदलते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने इंधन पंपाच्या शंकेवरून वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. पूर्वी हे सारे कंपनीच्या मर्जीवर होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू आहेत आणि सरकारच्या आदेशाने रिकॉल झाल्यास १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

रिकॉलचे पत्र गाडी घेताना दिलेल्या पत्त्यावर किंवा नंबरवर येते. नंबर बदलला असेल किंवा गाडी सेकंडहँड असेल तर ते पोहोचतच नाही. त्यामुळे आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वर्षातून एकदा पाहावे. जुनी गाडी घेताना तर हे आवर्जून करावे.

इतर देशांत काय आहे?

अमेरिकेत सदोष गाडीला ‘लेमन’ म्हणतात. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. ठरावीक प्रयत्नांत तोच बिघाड दुरुस्त झाला नाही, तर गाडी बदलून किंवा पैसे परत द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत परत करण्याचा हक्क दिला. भारतात किती वेळा दुरुस्ती फसल्यावर गाडी बदलावी, याचा आकडा कायद्यात नाही. म्हणूनच इथे प्रत्येक खेपेची नोंद ग्राहकालाच ठेवावी लागते.

मग आजपासून काय करायचे?

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक साधी फाइल ठेवावी. त्यात नमुना २१, वॉरंटी पुस्तिका, सर्व जॉब कार्डे आणि बिले तारखेप्रमाणे लावावीत. प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्येही असावा. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी मूळ वॉरंटीहून वेगळ्या असू शकतात, त्या एकदा वाचाव्यात. वॉरंटी संपायला महिना उरला असताना सगळ्या लहानमोठ्या तक्रारी एकत्र करून शेवटचे जॉब कार्ड उघडावे. वॉरंटीत नोंदलेली तक्रार मुदत संपल्यावरही वॉरंटीतलीच आहे, हा मुद्दा मग ठामपणे मांडता येतो.

डीलरशी भांडण करण्यासाठी हे नाही. वर्कशॉपमधला फोरमन बहुतेक वेळा मदत करायलाच तयार असतो. त्याच्या हातात नेमकी माहिती दिली तर काम लवकर होते. आणि नाहीच झाले, तर नांदेडच्या आयोगात उभे राहताना अर्धापूरच्या ग्राहकाच्या हातात तीच फाइल असते.